बळवंतरावांचं मखर

बळवंतराव आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये चौदा वर्षं राहिले. चौदा वर्षांत त्यांच्या घराचा पुढचा दरवाजा अकरा वेळा रंगवला गेला आणि मागचा एकदाही नाही. मागचा दरवाजा खालून कुजला तेव्हा त्यांनी तिथे तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला आणि पत्रा दिसू नये म्हणून वरून पोतं सोडलं. मोरीतला नळ मी पाहिल्या दिवसापासून गळत होता. त्याला कुसुमावतींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, फडकं बांधून ठेवलं होतं. आणि हा गृहस्थ कारखान्याच्या इमारतींची देखभाल बघणारा सुपरवायझर होता.

ते १९७४ साली नगरकडून देवासला आले. तेव्हा इथे कारखाने भराभर उभे राहत होते आणि आमच्यासारखी मराठी कुटुंबं ट्रंका घेऊन उतरत होती. सगळ्यांचीच घरं अर्धी मांडलेली असत. बळवंतरावांनी पहिल्या आठवड्यात दारावर पितळी पाटी लावली. स्वयंपाकाचा ओटा नीट व्हायला मात्र दोन वर्षं गेली. थंडीत ते शर्टाची फक्त कॉलर आणि बाह्यांची टोकं इस्त्री करून घेत, कारण बाकीचा शर्ट स्वेटरच्या आत जातो. कॉलनीच्या धोब्यानं हे सगळ्यांना सांगितलेलं होतं. आरतीला पहिली दोन कडवी ते इतरांपेक्षा वरच्या सुरात म्हणत आणि पुढे नुसते ओठ हलवत. गावातल्या माताजीच्या टेकडीवर नवरात्रात जायचे ते कारखान्याचे मोठे साहेब ज्या दिवशी जात त्याच दिवशी.

हे मी आज सांगते आहे असं नाही, तेव्हाही सगळ्यांना दिसत होतं. पण असल्या माणसाचं कुणी काही बिघडवत नाही. लग्नकार्यात, समारंभात तो उपयोगी पडतो. स्टेज कसं सजवायचं हे त्याला बरोबर कळतं.

१९८३ साली कारखान्यानं भोपाळ रोडच्या बाजूला नवीन गेस्ट हाऊस बांधायला काढलं. कारखान्याला यंत्रं देणारे जर्मन लोक दर जानेवारीत येत, त्यांच्यासाठी. ज्यांच्या देशात गुडघाभर बर्फ पडतं त्यांना देवासच्या थंडीतून वाचवायचं, असं आमच्या साहेबलोकांनी ठरवलं. हॉलमध्ये सागाच्या फळ्यांची जमीन करायची, फळ्यांखाली प्लास्टिकच्या नळ्या फिरवायच्या आणि त्यांतून गरम पाणी सोडायचं. नळ्यांची भलीमोठी वेटोळी जहाजानं आली, त्यांच्याबरोबर नकाशा आला. देखरेखीला बळवंतराव, काम करायला गणोजी.

गणोजी हा धारचा माणूस. पवारांच्या फौजेबरोबर जी घराणी इकडे आली त्यातलं एक त्याचं. पुढे तलवारी गेल्या आणि हातात पाने आले. नळकाम तो बापाकडून शिकला होता. देवासला टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांत बायको सीतेबरोबर राही. कारखान्यात नऊ वर्षं हंगामी होता, आणि येत्या मार्चमध्ये कायम करतो म्हणून मोठ्या साहेबांनी शब्द दिला होता. त्याची मराठी आमच्यासारखी नव्हती. तीत हिंदी होती, माळवी होती आणि मध्येच आमच्या आजेसासूच्या तोंडी शोभेल असा एखादा जुना शब्द.

नकाशावरचं लिहिलेलं गणोजीला वाचता येत नव्हतं. त्यानं नळीचा हातभर तुकडा कापला, दोन विटांवर आडवा ठेवला आणि आत उकळतं पाणी ओतलं. नळी मधोमध उकडलेल्या पडवळासारखी खाली आली. त्यानं बळवंतरावांना बोलावून दाखवलं. म्हणाला, थंड असली की सरळ, गरम झाली की लोळते, हिला जागोजाग टेकू पाहिजे. नकाशातही तेच होतं. फळ्यांखालच्या दोन कड्यांच्या, म्हणजे आडव्या लाकडी तुळयांच्या, मधल्या जागेत लाकडाच्या पट्ट्या बसवायच्या, पट्टीला वीतभर अंतरावर अर्धगोल खाच, आणि त्या खाचेत नळी. जिथे नळी कडीतून जाते तिथे नमद्याचं, म्हणजे जाड दाबलेल्या लोकरीचं, वेष्टण घालायचं, म्हणजे नळी गरम होऊन वाढली तरी घासत नाही. आणि वरून पत्र्याचा तुकडा, म्हणजे फळी ठोकणाऱ्या सुताराचा खिळा नळीत घुसत नाही.

श्रावणभर गणोजीनं सागाच्या सव्वाशे पट्ट्या केल्या. प्रत्येक खाच करवतीनं आणि गोल कानशीनं. नमदे आणि पत्रे लावून झाले. पट्ट्या तेवढ्या तेल पाजून वाळत ठेवल्या होत्या.

तेवढ्यात गणपती आले.

कॉलनीच्या गणेश मंडळाचे अध्यक्ष अर्थातच बळवंतराव. आदल्या वर्षी शेजारच्या कारखान्याच्या कॉलनीनं मान हलवणारा मोर केला होता आणि पहिलं बक्षीस नेलं होतं. बळवंतरावांना तो मोर वर्षभर झोपू देत नव्हता. त्यांनी वाळत घातलेल्या पट्ट्या पाहिल्या. सारख्या लांबीच्या, सरळ, गुळगुळीत, आयत्या. चतुर्थीच्या आधी चार दिवस हातगाडी आली आणि पट्ट्या मंडळाच्या खोलीत गेल्या.

गणोजीनं विचारलं तेव्हा त्याला सांगण्यात आलं की हे तात्पुरतं आहे, विसर्जनानंतर परत येतील. फळ्यांचं काम मात्र थांबवायचं नाही, कारण दसऱ्याला मोठ्या साहेबांना जमीन दाखवायची आहे. तोवर नळ्या सुतळीनं कड्यांना टांगून ठेव, पट्ट्या मागाहून बाजूनं सरकवू.

गणोजी म्हणाला, "साहेब, फळ्या ठोकल्यावर आत पट्ट्या कोण नेणार? मुंग्या?"

दुसऱ्या दिवशी त्याला कन्नौदच्या गोदामाच्या पाण्याची लाइन टाकायला पाठवलं. पंधरा दिवसांनी तो परत आला तेव्हा फळ्या ठोकून, घासून, पॉलिश होऊन चकाकत होत्या. खाली नळ्या सुतळीला टांगलेल्या. बळवंतराव त्याला म्हणाले, आता बोलून काय, हे बघ कसं आरशासारखं झालंय.

मखर केलं ते आम्ही बायकांनी. म्हणजे सांगाडा बळवंतरावांनी बारीक चुका मारून उभा केला, कमानी, जाळी, वर कळस. सोनेरी कागद लावायचं काम कुसुमावतींकडे आणि माझ्याकडे. खळ मीच केली होती. कागद लावताना माझ्या लक्षात आलं की पट्टीला जागोजाग खळगे आहेत आणि तिथे कागद आत जातो. मी कुसुमावतींना विचारलं, ह्या खाचा कशाला? त्या म्हणाल्या, काही डिझाइन असेल. मग आम्ही प्रत्येक खाचेत कापूस भरला आणि वरून कागद ताणून बसवला. पुन्हा विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. देवाचं काम आहे, त्यात कशाला चौकशा, असं वाटलं. देवाच्या नावाखाली काहीही खपतं ते माझ्यासारख्या बायकांमुळेच.

पहिलं बक्षीस मिळालं. मोठ्या साहेबांच्या पत्नी जानकीबाई, इंदूरच्या, त्यांच्या हस्ते. विसर्जन झालं, पण मखर मोडलं नाही. बक्षिसाचं मखर कुणी मोडतं का? बळवंतरावांनी ते आपल्या पुढच्या खोलीत आणलं, आणि आतापर्यंत स्वयंपाकघरात पाटावर असलेले देव त्यात मांडले. दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर तिथेच पडावी अशी जागा निवडली. देवांना काय वाटलं ते देव जाणोत. कुसुमावतींना मात्र चूल सोडून पूजेला पुढच्या खोलीत यावं लागे, आणि तिथे पाहुणे बसलेले असले की नैवेद्य थंड होई.

जानेवारीत जर्मन आले. बॉयलर पेटवला. पहिल्या दिवशी जमीन छान उबदार झाली. बळवंतराव बूट काढून मोज्यांवर फिरून दाखवत होते. दुसऱ्या दिवशी फळ्यांखाली ठक ठक आवाज यायला लागला. पाहुण्यांना वाटलं उंदीर आहेत. नळ्या गरम होऊन सुतळीच्या दोन गाठींच्या मध्ये झोळीसारख्या लोंबल्या होत्या, त्यात हवा अडकून पाणी धडका देत होतं. तिसऱ्या दिवशी एक झोळ खाली राहिलेल्या विटेच्या कडेवर घासून फाटला. कढत पाणी पसरलं, सागाच्या फळ्या फुगून मधोमध उभ्या झाल्या आणि एक जर्मन पाहुणा ठेच लागून चहाच्या ट्रेवर पडला. त्याला लागलं नाही. मोठ्या साहेबांना लागलं.

कोपऱ्यातल्या चार फळ्या उचकटल्या. नमदे होते, पत्रे होते, पट्ट्या नव्हत्या. सुतळी होती.

तेव्हा बळवंतरावांनी काय सांगितलं, तर गणोजीनं पट्ट्या केल्याच नाहीत, त्यासाठी दिलेला साग त्यानं परस्पर विकला. आपण देखरेख करत होतो, पण जमिनीखालचं दिसतं कुठे? मोठ्या साहेबांनी गणोजीला सोमवारी समोर यायला सांगितलं. सगळ्या कारखान्यात बोललं जाऊ लागलं की आता कायम होणं राहिलं बाजूला, चोरीचा डाग घेऊन तो बाहेर पडणार. देवासात दुसऱ्या कुठल्या कारखान्यानं त्याला मग उभं केलं नसतं.

सीता गुरुवारी दुपारी माझ्याकडे आली. दर उन्हाळ्यात आम्ही दोघी मिळून पापड करत असू. तिनं सगळं सांगितलं, आणि पट्ट्या कुठे गेल्या तेही सांगितलं. गणोजीला पहिल्यापासून ठाऊक होतं. पण तो बोलत नव्हता.

"ते म्हणतात, देवाच्या मखराला हात लावून आपली नोकरी नाय वाचवायची," सीता म्हणाली. "देव नागवा करणारा म्हणून नाव होईल."

मी तिला म्हटलं, "चोरीचं घालून देव सजवणाऱ्याचं नाव अध्यक्ष म्हणून पाटीवर आहे. आणि तुझ्या नवऱ्याला देवाची लाज वाटते का? उद्या कुसुमावतींकडे हळदीकुंकू आहे. नळीचा तुकडा असेल घरात तर घेऊन ये."

तिला बोलावणं नव्हतं. टेकडीखालच्या बायकांना त्या घरात बोलावणं कधीच नसे. मी म्हटलं, माझ्याबरोबर ये.

खरं सांगते, रात्रभर माझ्या मनात कापूस होता. सकाळी हळद मागायच्या निमित्तानं मी कुसुमावतींकडे गेले, देवांना नमस्कार केला आणि मखराच्या पट्टीवरून अंगठा फिरवला. वीतभर, आणि कागद दबला. वीतभर, आणि पुन्हा दबला.

संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे बळवंतरावांच्या घरातला वर्षाचा मोठा समारंभ. शोकेसमधले पेले बाहेर काढलेले, तळाला दुकानाची चिठ्ठी तशीच. वाण म्हणून प्लास्टिकची चहाची गाळणी. पुरुषांना आतल्या खोलीत बसवलेलं. सीतेला कुसुमावतींनी दारातच कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि "बरं, येत जा" म्हणाल्या. सीता जायला वळली. मी तिचा हात धरून तिला आत आणलं आणि सतरंजीवर माझ्याजवळ बसवलं. पदराखाली तिनं नळीचा तुकडा धरला होता.

जानकीबाई आल्या. सगळ्याजणी उठल्या. त्यांनी देवांना हात जोडले आणि मखराचं कौतुक केलं, की गणपतीत पाहिलं तेव्हापेक्षा इथे जास्त शोभतं. कुसुमावती म्हणाल्या, "सगळं ह्यांनीच केलं. एकेक पट्टी निवडून."

मी म्हटलं, "कागद मी लावला, जानकीबाई. खाली काय आहे ते तेव्हा मला कळलं नव्हतं. आता कळलंय."

आणि मी नखानं पट्टीवरचा कागद फाडला. कापूस बाहेर आला. तो ओढून काढला तशी खाच उघडी पडली. सीता पुढे झाली आणि तिनं नळीचा तुकडा त्या खाचेत ठेवला. बसला तो असा, की हात काढला तरी हलला नाही.

जानकीबाईंनी विचारलं, हे काय आहे.

"बाईसाहेब, गेस्ट हाऊसातली नळी हाय," सीता म्हणाली. "आमच्या ह्यांनी सव्वाशे पट्ट्यांना खाचा काढल्या. बोटांना फोड आले ते मी बांधलेत. त्या विकल्या म्हणतात. मोजून घ्या, इथं समोर हायेत."

जानकीबाईंनी नळीचा तुकडा उचलला आणि पुन्हा खाचेत ठेवून पाहिला. मग म्हणाल्या, "मतलब, गरम पाणी आमच्या फळ्यांखाली आणि टेकू तुमच्या देव्हाऱ्यात?"

बळवंतराव आतून धावत आले. घाईत स्वेटर घालायचा राहिला होता. कॉलर कडक, बाह्यांची टोकं कडक, आणि मधला सगळा शर्ट उशीखाली दाबून ठेवल्यासारखा. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी हसले नाही असं म्हणणार नाही.

"तात्पुरतं घेतलं होतं," ते म्हणाले. "देवासाठीच ना. माझ्यासाठी का घेतलं?"

ह्याला उत्तर दिलं कुसुमावतींनी, आणि तेही न बोलता. त्यांनी ताम्हन आणलं, पदर खोचला, आणि अन्नपूर्णा, बाळकृष्ण, टाक, एकेक देव उचलून ताम्हनात ठेवले. शंख घेतला, घंटा घेतली. मखर रिकामं झालं. ताम्हन घेऊन त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि जुन्या पाटावर देव मांडून बाहेर आल्या.

"न्या," त्या सीतेला म्हणाल्या. "आणि बस, चहा घेऊन जा."

सोमवारी गणोजीला समोर जावं लागलं, पण वेगळ्याच कामासाठी. साहेबांनी विचारलं, जमीन किती दिवसांत होईल. जर्मन लोक पुण्याला गेले होते, दहा दिवसांनी परत येणार होते. गणोजीनं सांगितलं, सगळ्या फळ्या काढाव्या लागतील, सुतळी कापावी लागेल, फाटलेला तुकडा बदलावा लागेल, पण होईल. मखर हातगाडीवरून परत गेलं. ते मोडताना त्यानं आधी नमस्कार केला, असं सीता सांगत होती.

खळ मी चांगली घट्ट केली होती, त्यामुळे कागद काही निघेना. खरवडत बसायला दिवस नव्हते. गणोजीनं फक्त खाचांतला कापूस काढला आणि पट्ट्या तशाच, सोनेरी कागदासकट, कड्यांच्या मधे बसवल्या. मी आणि सीता त्याला डबा द्यायला गेलो होतो तेव्हा पाहिलं. फळ्या लावायच्या होत्या अजून. सबंध हॉलभर सोनेरी ओळी, त्यांच्यावर ती पांढुरकी नळी शहाण्यासारखी पडलेली, एकही झोळ नाही. मग सुतारानं फळ्या ठोकल्या आणि ते सगळं झाकून गेलं.

मार्चमध्ये गणोजी कायम झाला.

बळवंतरावांचं काय झालं? काही नाही. एक खरमरीत पत्र आलं, ते त्यांच्या फाइलमध्ये गेलं, आणि फाइल कोण उघडतं. पुढच्या वर्षी गणपतीत अध्यक्ष दुसरा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा हेच. स्टेज त्यांच्याइतकं कुणाला जमत नव्हतं ना. मागच्या दाराचं पोतं तेवढं कुसुमावतींनी काढून टाकलं. मोरीचा नळ गणोजीनं येऊन नीट केला. त्याला कुसुमावतींनीच बोलावलं होतं.

१९८८च्या जानेवारीत बळवंतराव निवृत्त झाले. निरोप समारंभ त्याच गेस्ट हाऊसच्या हॉलमध्ये. बाहेर थंडी मरणाची होती, पण चपला काढून आत पाय ठेवला की तळव्यांना ऊब लागत होती. हार झाले, शाल झाली. मग ते बोलायला उभे राहिले. नवीन सूट, जाकिटाची बटणं वरपर्यंत लावलेली.

म्हणाले, आयुष्यभर एकच गोष्ट पाळली. जिथे कुणाची नजर जात नाही तिथलं कामही डोळ्यांत भरेल असं केलं. तुम्ही आत्ता बसला आहात त्या जमिनीखाली काय आहे तुम्हाला ठाऊक नसेल. "फळ्यांखालीसुद्धा मी सोनेरी काम केलेलं आहे."

टाळ्या पडल्या. नवीन मुलं होती बरीच, त्यांना काय माहीत. पुढच्या रांगेत जानकीबाई होत्या. त्यांनी टाळी वाजवली नाही, घड्याळ पाहिलं. कुसुमावती खाली बघत होत्या.

गणोजी मागे भिंतीशी बसला होता. त्याचं भाषणाकडे लक्ष नव्हतं. त्यानं पंजा फळीवर सपाट ठेवला होता, तसाच हात सरकवत भिंतीपर्यंत नेला आणि परत आणला. मी जवळच होते. म्हटलं, गणोजी, ऐकलंस का काय म्हणाले ते.

"हओ, वहिनी," तो म्हणाला. "पण चार साल झाले, एक ठक नाय."